खंडुजीचं बी

साखऱ्याच्या ग्यानबाला गर्दीत शोधावं लागत नाही. माणसांच्या घोळक्यातून ज्याचं डोकं वर आलेलं दिसतं तो ग्यानबा. उंची सहा फुटांच्या वर, वय सदुसष्ट, पाठ अजून ताठ, डोक्याला पांढरा रुमाल. सेनगावच्या बाजारात चुकामूक झाली तर त्याची बायको गोजरबाई त्याला हुडकत फिरत नाही. ती आहे त्या जागी थांबते आणि वर बघते. ती स्वतः इतकी ठेंगणी की ग्यानबाच्या काखेखालून मान न वाकवता निघून जाईल. या जोडीवर करण्यासारखे विनोद गावानं पहिल्या दहा वर्षांतच करून संपवले, आणि पुढची तीस वर्षं तेच पुन्हा पुन्हा केले.

अभिमान बाळगायला माणसाला फार मोठी वस्तू लागते असं नाही. कुणाला एक विहीर पुरते, कुणाला नोकरीवाला जावई. ग्यानबाला एक एकर जवारी पुरली होती. बाकीच्या पाच एकरांत तो चारचौघांसारखा सोयाबीन आणि तूर घ्यायचा, त्याचं बी दुकानातून आणायचा आणि त्याबद्दल काही बोलायचा नाही. पण टेकाडाच्या उताराचा तो मुरमाड तुकडा दरसाल रब्बीच्या जवारीला ठरलेला. तिथं पडणारं बी त्याच्या बापाचं होतं.

बाप खंडुजी. बाहत्तरच्या दुष्काळात घरात तरोट्याचा पाला शिजत होता आणि रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी होत होत्या, तेव्हा आढ्याला बियाची कणसं टांगलेली होती. त्यातली दोन पायल्या जवारी काढली तर आठ दिवस निघतील, असं बायकोनं हात जोडून सांगितलं. खंडुजीनं ऐकलं नाही. तो उपाशी पोटी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला, पण कणसाला हात लावू दिला नाही. पुढच्या साली पाऊस झाला, अख्ख्या गावानं सरकारी बी पेरलं, आणि खंडुजीच्या वावरात त्याचं स्वतःचं उगवलं. ग्यानबा तेव्हा सोळा वर्षांचा होता. ती भूक आणि ते उगवणं, दोन्ही त्यानं जन्मभर सांभाळून ठेवलं. चौऱ्याऐंशी साली बाप गेला, तेव्हा शेवटचं बोलला ते एवढंच, की बाहेरची जवारी घरात आणू नगंस, माझीच पेर. ग्यानबानं हातावर हात ठेवला.

तो शब्द त्यानं पाळला, यात तिळमात्र शंका नाही. त्या काळात घरात काय बदललं नाही ते विचारा. मातीच्या भिंती गेल्या, स्लॅब आला, आढं तेवढं मागच्या खोलीत उरलं. बैलजोडी गेली, भाड्याचा ट्रॅक्टर आला. धोतर जाऊन पायजमा आला. पोरगा हरीश पुण्याला कंपनीत गेला, पोरगी कोमल नांदेडला नांदायला गेली. शेजाऱ्यांनी जवारी सोडली, मग भाकरी सोडली, मग डॉक्टरनं सांगितलं म्हणून पुन्हा भाकरी धरली आणि जवारी विकत आणू लागले. ग्यानबाचा एकर मात्र जिथल्या तिथं. फाट्यावरच्या हॉटेलात चहाचा कप समोर आला की तो म्हणायचा, "माझ्या बापानं जी जवारी पाह्यली, ती पाहायची असंल तर माझ्या वावरात या. एक दाणा इकडचा तिकडं झाला न्हाई."

हॉटेलवाल्याला हे इतकं पाठ झालं होतं की ग्यानबा नसला तरी तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

हे बोलणं फिरत फिरत हिंगोलीला पोहोचलं. तिथं जुनी बियाणी जपणारी काही मंडळी होती. गावोगाव फिरून ती जवारी, मूग, वाल जमा करायची, वहीत नोंद करायची, आणि छोट्या कागदी पुड्यांत भरून ज्याला हवं त्याला द्यायची. पुड्यावर वाणाचं नाव छापलेलं असायचं. त्यांच्यातली निता नावाची बाई शेतकी शिकलेली होती. कोरोनानंतरच्या दुसऱ्या साली, पोळा झाल्यावर ती मोटारसायकलवर साखऱ्याला आली. पायात बूट, डोक्यावर टोपी, बोलणं मऊ. ग्यानबाची सगळी गोष्ट तिनं पायरीवर बसून ऐकून घेतली आणि म्हणाली की पुड्यावर 'खंडुजी' असं नाव घालता येईल.

ग्यानबानं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. बापाचा फोटो घरात नव्हता. कधी काढलाच नव्हता. सातबाऱ्यावरून नाव गेलेलं, शाळेत कधी लागलेलंच नाही. आणि आता ते छापून येणार होतं. त्यानं गोजरबाईला चहा ठेवायला सांगितलं, जो ती आधीच घेऊन उभी होती.

निताचं एवढंच म्हणणं होतं की वाण खरंच जुनं, न बदललेलं आहे याची खात्री असावी. तिनं पुरावा मागितला नव्हता. ग्यानबानं इथंच थांबायचं. पण खात्री असलेल्या माणसाला थांबता येत नाही. तो म्हणाला, की साक्षीदार आहे. त्यांच्या घरची रीत अशी, की लेक सासरी जाताना तिच्या ओटीत गव्हातांदळाऐवजी बियाची जवारी घालायची, पाच पसे. धाकटी बहीण मिराबाई एक्क्याऐंशी साली कयाधूच्या काठावरच्या गावात दिली, तेव्हा तिच्या ओटीत हीच जवारी गेली. तिच्या घरीही तेव्हापासून तीच पेरतात. "एका कणगीतलं बी हाय, म्याडम. बराबर शेजारी शेजारी पेरतो. तुमी येऊन बघा, कुठलं कुणाचं वळखू आलं तर मिशी काढतो."

मिशी होती, आणि चांगली होती.

मिराबाईनं एसटीच्या कंडक्टरच्या हाती फडक्यात बांधून दोन पायल्या बी पाठवलं. दाणा जरा पांढरा वाटला, पण नदीकाठच्या मातीचा गुण म्हणून ग्यानबानं ते सोडून दिलं. दसरा झाल्यावर ग्यानबानं उताराच्या वावरात एका कडेला दहा तास म्हणजे दहा ओळी आपल्या, दहा बहिणीच्या, असे आलटून पालटून पेरले. उगवण सारखी झाली. महिनाभर सगळं हिरवं एकच दिसत होतं, आणि ग्यानबा बांधावर उभा राहून समाधानानं मिशीला पीळ देत होता.

मग बहिणीचे तास वर निघाले.

पहिल्यांदा त्याला वाटलं, त्या पट्ट्यात खत जास्त पडलं असेल. पण पट्टे चार होते आणि खत त्यानंच टाकलं होतं. नंतर वाटलं, रानडुकरं बसून आपले तास दबले. संक्रांतीला अशी वेळ आली की ग्यानबाची जवारी दाणा भरून हुरड्याला आली होती, कणसं त्याच्या हनुवटीला लागत होती, आणि मिराबाईची आठ फूट चढून आता कुठं निसवत होती, म्हणजे तिचं कणीस नुकतं पानांतून बाहेर डोकावत होतं. वाऱ्यावर ते पट्टे असे हलत होते, जसे काही बुटक्या वऱ्हाडातून उंच वाजंत्री चालले आहेत. गेली कित्येक वर्षं ग्यानबाला स्वतःच्या जवारीवरून पलीकडची टेकडी दिसायची, आणि ते आपल्या उंचीमुळं, असं तो धरून चालला होता.

मिराबाई संक्रांतीला माहेरी आली ती थेट वावरात गेली. पट्ट्यांकडं बघून तिनं पदर कमरेला खोचला.

"दादा, ही बापूची जवारी? बापू आले तर तेंनी वळखली बी न्हाई."

"माझी न्हाई वळखली तर मग तुझी वळखतील का? बांबू दिसून राहिले. नदीकाठचे लोक तुमी, कुणीतरी बाजाराचं बी मिसळलं."

"कोण मिसळलं? आमच्या मालकांनी जिंदगीत बियाची पिशवी इकत आणली न्हाई. तुझ्या दारातून ओटीत नेलं, तेच पेरून राहिलो. तूच दुकानात जातो सोयाबीनला. सोयाबीनच्या संगं काय काय आणलं, देवाला ठावं."

यापेक्षा मोठी शिवी ग्यानबाला आयुष्यात कुणी दिली नव्हती. शब्द मोडला, एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं होतं तिनं. दोघांपैकी एकानं तो मोडला आहे हे तर उघड्या वावरात उभं होतं, वाऱ्यावर हलत होतं. मिराबाई तिळगूळ न खाता परत गेली. ग्यानबा आठ दिवस फाट्यावर गेला नाही. हॉटेलवाल्यानं नवीन गिऱ्हाइकाला नेहमीची गोष्ट सांगितली, पण ग्यानबा दिसत नाही म्हणून त्याचाही तिच्यात जीव लागेना.

माघात निता आली. भांडणाची कुणकुण तिला लागली होती, म्हणून मिराबाईला तिनं आधीच निरोप धाडला होता. बहीणभाऊ वावराच्या दोन टोकांना उभे राहिले. गोजरबाई मधोमध बांधावर बसली. निता पट्ट्यांमधून हात फिरवत गेली, आणि तिच्या तोंडावर नवल असं काही दिसलं नाही, याचा ग्यानबाला जास्त राग आला.

तिनं विचारलं, "काका, बियाची कणसं कोण निवडतं?"

"मीच. दुसरं कोण निवडंल?"

"कशी निवडता ते दाखवा ना."

ग्यानबा रुबाबात आत शिरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, एक कणीस तळहातावर तोललं, मान हलवली, सोडून दिलं. दुसरं डोळ्याशी धरलं. जनावराच्या प्रदर्शनातले परीक्षक असेच करतात. बांधावर गोजरबाईनं तोंडाला पदर लावला.

"पैल्यांदाच निवडून राहिले म्याडम. चांगलं निवडतेत, पण."

ग्यानबाचा हात कणसावरच राहिला. गोजरबाईनं मग जे सांगितलं त्यात टोमणा नव्हता. एकोणऐंशीला ती लग्न होऊन आली. सासूचे गुडघे धरलेले होते, म्हणून काढणीच्या आदल्या दिवशी टोपलं तिच्या हाती आलं. उभ्या जवारीतून शंभर-दीडशे कणसं खुडायची आणि घरी आणायची. तेव्हापासून दरसाल तीच खुडते. मालक ती आढ्याला टांगतात.

"आढ्याला माझा हात पुरत न्हाई," ती म्हणाली.

आता कळलं, की टांगण्यालाच हा माणूस चाळीस वर्षं निवडणं समजत आला होता. एवढी मोठी चूक करायला घरात एक सोशीक बाई लागते, आणि ती त्याच्याकडं होती.

निता म्हणाली, "काकू, तुम्ही दाखवा मग."

गोजरबाई उठली. टोपलं कडेवर घेतलं आणि पाण्यात शिरावं तशी जवारीत शिरली. उजवा हात वर, टाचा किंचित उचललेल्या, नजर दाण्यावर. भरलेलं कणीस दिसलं की खुड. बहिणीच्या पट्ट्याशी आली तेव्हा हात वर गेला, बोटं हवेत राहिली, आणि ती पुढं सरकली. नितानं विचारलं, की वाकवून का घेत नाही. गोजरबाई म्हणाली, "धांडा मोडतो. सासूबाई म्हणायच्या, एका कणसापायी कडब्याचा नास करू नगं. मंग जे हाताला येईल ते घेतलं. भरलेलं पाह्यजे फकस्त."

नितानं टोपी मागं सारली. तिनं गोजरबाईला तसाच हात वर धरायला सांगितलं आणि स्वतः चार पावलं मागं आली. ग्यानबानंही बघितलं. त्याच्या वावरातली जवळजवळ सगळी कणसं त्या उचललेल्या बोटांच्या खाली होती. कुणी दोरी ताणून कापावी तसा शेंडा सरळ गेला होता, आणि दोरी होती त्याच्या बायकोची उंची.

मग निता बांधावर बसून सावकाश बोलली. एका कणसाचे हजार दाणे असतात, पण हजारातले दोन सारखे नसतात. धांडा थोडा आखूड, थोडा लांब, कुणी लवकर पिकतं, कुणी मागं राहतं. जशी आई तसं बी, पण अगदी तसंच नाही, थोडं इकडं तिकडं. या थोड्यातलं कुणी निवडलं की पुढच्या साली तसलंच जास्त उगवतं. एका सालात बोटभरही फरक दिसत नाही. अशा चाळीस सुगी झाल्या. आणि निवडणारी एकटी काकू नव्हती. या मुरमात संक्रांतीला ओल संपते. जे उशिरा निसवतं ते फोल राहतं, आणि फोल कणीस कुणी खुडत नाही. कयाधूच्या काळ्या मातीत ओल होळीपर्यंत टिकते, तिथं उशिरा येणाराही पोटभर दाणा धरतो. मातीनं निवडलं, पावसानं निवडलं, मधे काकूचा हात.

मिराबाईला विचारलं तर तिच्याकडचंही निघालं. तिच्या मालकांना बैलांचा भारी नाद. कडबा लांब हवा म्हणून ते उंच धांड्याचीच कणसं बियाला ठेवायचे. घरी आल्यावर तिची सासू सुपात घेऊन पांढरे दाणे तेवढे ठेवायची, पिवळसर कोंबड्यांना टाकायची, कारण तिला भाकरी पांढरी लागायची. आणि बापूची जवारी पिवळसर होती. हे तर ग्यानबानंच पायरीवर बसून निताला सांगितलं होतं.

म्हणजे मिराबाईची जवारीही बापाची राहिली नव्हती. ग्यानबाला याचा आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

"म्हंजे बापाचं बी गेलं," तो म्हणाला.

"गेलं नाही काका. पेरलं गेलं. डब्यात बंद ठेवलं असतं तर तसंच्या तसं राहिलं असतं, फक्त उगवलं नसतं."

ग्यानबा खाली बघून बोटांनी ढेकूळ फोडत राहिला. मग मिराबाईला हसू फुटलं. ग्यानबाच्या लग्नाच्या वेळी त्यांची आई नवरी बघून आल्यावर म्हणाली होती, की पोरगी बुटकी हाय, घरात सगळं बुटकं निपजंल. ते मिराबाईनं दोघांच्या देखत सांगितलं आणि पुढं म्हणाली, "आई चुकली न्हाई. हरीश तर चौकटीला डोकं आपटून घेतो, तुझ्यावर गेला. पण जवारी वयनीवर गेली."

गोजरबाई हसली. निताही हसली. ग्यानबा बांधावरून उठून घरी गेला.

तो पंधरा दिवस बायकोशी धड बोलला नाही. रागवावं तर कशावर, हे त्याला सापडत नव्हतं. शब्द मोडला म्हणावं तर बाहेरचा एक दाणा आला नव्हता. पाळला म्हणावं तर समोर उभी होती ती बापाची जवारी नव्हती. काढणीच्या आदल्या दिवशी त्यानं न बोलता टोपलं उचललं आणि स्वतः वावरात गेला. बापाची उंच जवारी परत आणायची, असं मनाशी धरून. दिवसभर हिंडून त्याला आपल्या जवारीत अकरा उंच कणसं मिळाली. ओसरीवर पसरून चोळून बघितली तर आठांत नुसता कोंडा. उंच व्हायला त्या बिचाऱ्यांना वेळ लागला होता, आणि तेवढ्यात मुरमातली ओल उडून गेली होती. गोजरबाईनं कोंडा झाडून घेतला. नेहमीची दीडशे कणसं तिनं यंदा आठवडाभर आधीच खुडून ठेवली होती.

बापाची जवारी नेमकी किती उंच होती, याचाही पत्ता लागेना. मिराबाईला फोन करून त्यानं विचारलं. ग्यानबाला आठवत होतं ते असं, की जवारीत बाप उभा राहिला की त्याचं पागोटं दिसायचं. मिराबाई म्हणाली, पागोटं कुठलं, बापू आत शिरले की दिसायचेच न्हाई, मी रडायची. मग दोघांच्याही ध्यानात आलं, की तो तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि ती सहा वर्षांची. ज्याच्या त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून जवारी मोजलेली. नंतर मिराबाईनं कोमलच्या लेकरांची खुशाली विचारली, आणि भांडण कुठं मिटलं ते दोघांनाही कळलं नाही.

राहिलं होतं नाव. निताचा निरोप आला, की वाणं दोन निघाली, तर पुडे दोन होतील, आणि एकच नाव दोघांना देता येणार नाही. 'खंडुजी' कुणाला, ते तुमचं तुम्ही ठरवा.

चैत्रात बहीणभाऊ हिंगोलीला गेले. दोन गावांहून दोन गाड्या, पण डेपोतून त्या मंडळींच्या खोलीपर्यंत एकाच रिक्षात. तिथं प्रत्येकाला एक कागद मिळाला. ग्यानबा चौथी शिकलेला. तो अक्षर अक्षर लावत वाचत गेला. वाणाचं नाव. मूळ बी कुणाकडून मिळालं. निवड कुणी केली. विशेष गुण.

मिराबाईनं पोटच्या पोरीला लावावं तसं निताला लिहायला लावलं. निवडीपुढं तिनं मालकांचं आणि सासूचं नाव सांगितलं. मालक सात वर्षांमागं वारले होते, तरी नाव घ्यायला ती लाजली आणि निताच्या कानात बोलली. वाणाच्या नावापाशी आली तेव्हा तिनं भावाकडं बघितलं. ग्यानबा तिच्याकडं बघत होता.

"तू घे," तो म्हणाला. "तुझी उंच तरी हाय."

"उंच हाय, पण पिवळी कुठं हाय? तू घे. तुझ्या वावरात बापूचा पाय पडलेला."

"माझी तर तेंच्या कमरंला लागंल."

दोघांनीही घेतलं नाही. एकमेकांना देण्यात इतका वेळ गेला की निता बाहेर जाऊन चहा सांगून आली. शेवटी मिराबाईनं आपल्या जवारीचं नाव 'काठाची' असं घातलं. ग्यानबानं कागद गुडघ्यावर घेतला. निवड कुणी केली, या रकान्यापुढं त्यानं पेन टेकवलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांत त्यानं बायकोचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. आगं, हरीशची माय, कुठं गेली, एवढ्यावर संसार निभावला होता. आता त्यानं ते लिहिलं: गोजरबाई. मग वर जाऊन वाणाच्या नावापुढंही तेच लिहिलं, नुसतं 'गोजर', कारण 'बाई'ला जागा उरली नव्हती.

मूळ बी कुणाकडून, या रकान्यात दोन्ही कागदांवर एकच नाव आलं. खोलीतल्या वहीवाल्यानं विचारलं, की या खंडुजींच्या मूळ बियाचा नमुना आहे का, डबीत ठेवायला. ग्यानबा म्हणाला, "न्हाई. पेरला."

पुडे छापून आले तेव्हा गोजरबाई तीन दिवस गावात निघाली नाही. लोक बायकोचं नाव घरात घेत नाहीत आणि तुम्ही ते दुकानात टांगलं, असं ती बोलली, आणि वर हेही बोलली की नशीब, फोटो नाही घातला. चौथ्या दिवशी मात्र ती एक पुडा पदराखाली धरून शेजारणीकडं गेली. आणि तेव्हापासून ती त्या जवारीच्या बाबतीत अशी कडक झाली, की ग्यानबा आयुष्यभर जेवढा बोलला होता ते सगळं फिकं वाटावं. निताकडून तिनं नियम समजून घेतले होते. पुड्यावर नाव आहे तर वाण एकसारखं हवं. वेगळं दिसेल ते निसवायच्या आत उपटायचं, नाहीतर त्याचा फुलोरा वाऱ्यावर उडून बाकीच्यांत मिसळतो.

त्या रब्बीला वेगळं दिसणारं बरंच निघालं. मागल्या साली शेजारी शेजारी पेरल्यानं, निताचा अंदाज असा, की ग्यानबाच्या उशिरा फुलावर आलेल्या काही कणसांवर मिराबाईच्या जवारीचा फुलोरा पडला असावा. चाळीस वर्षांमागं वाटणी झालेलं बी एखाद्या धांड्यात पुन्हा एकत्र आलं असावं. नक्की कुणालाच सांगता येणार नव्हतं. उंच धांडे एकसारख्या जवारीतून डोकं काढून उभे होते. गोजरबाईचा हात खुडायला पुरला नसता, पण उपटायला उंची लागत नाही. तरी तिनं ते काम ग्यानबाला सांगितलं, कारण वरून बघायला तोच बरा.

सकाळचं दव असताना ग्यानबा वावरात शिरला. बापाचं बी राखायची आण घेतलेला माणूस, बापासारखी दिसणारी जवारी उपटत निघाला. बुडाशी धरायचं, हिसका द्यायचा, मुळांची माती झटकायची, बांधावर टाकायचं. सूर्य टेकडीवर येईपर्यंत बांधावर ढीग झाला. वरच्या कोपऱ्यात, जिथं मुरूम थोडा खोल आहे, तिथं शेवटचा धांडा होता. ग्यानबाच्या डोक्यावरून हातभर वर गेलेला. पानांचा रंग जरा पिवळसर. त्यानं बुडाशी हात घातला. मग सरळ उभा राहून वर बघितलं. बऱ्याच वर्षांनी त्याला जवारीकडं मान वर करून बघावं लागत होतं.

घरी आला तेव्हा गोजरबाई चुलीपाशी होती. किती निघाले, तिनं विचारलं.

"एकोणीस."

हे खरंच होतं. विसाव्याला त्यानं हिसका दिला नव्हता.